सुईणीचे हात

त्या वर्षी उन्हाळा हटता हटेना. हिरवा चारा महिनाभर आधीच संपला आणि घरातल्या पाच गाईंसाठी लांबून ट्रकनं आलेला वाळका चारा घ्यावा लागला. चारा कसला, सरपणच ते. कुट्टीच्या यंत्रात पेंढी घातली की पाती कण्हायची, खडखडायची आणि मध्येच अडकून बसायची. अशा वेळी यंत्र बंद करावं, अडकलेलं उपसावं आणि मग पुन्हा चालू करावं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तसं करत बसलं तर धारांना उशीर व्हायचा, आणि दुधाची गाडी कुणासाठी थांबत नसे. म्हणून चालू यंत्रातच हातानं पेंढी रेटायची सवय घरात सगळ्यांना लागली. सगळ्यांना म्हणजे सुनेला. यंत्रापाशी उभं राहणं तिच्याच वाट्याचं होतं.

सासू गोठ्याच्या दारात बसून त्या चाऱ्याला शिव्या घालायची. चारा पिकवणाऱ्याला, ट्रकवाल्याला, आणि तो पसंत करून आणणाऱ्या आपल्या मुलाला. मुलाला सगळं गाव घुम्या म्हणायचं, कारण दहा प्रश्न विचारले तर तो एकाचं उत्तर द्यायचा, तेही मानेनं. आईला त्याचा राग नव्हता. राग माणसाचा येतो, असं ती म्हणायची.

म्हातारी गावची सुईण. पस्तीस वर्षं तिनं बाळंतपणं केली. गावातली निम्मी माणसं पहिल्यांदा तिच्या तळहातावर ओरडली होती, आणि त्यांतल्या एकाचंही पुढं काही बरं झालं नाही असं तिचं मत होतं. जगात दोन जातीची माणसं, एक ज्यांना काम येत नाही आणि दुसरी ज्यांना ते येत नाही हेही कळत नाही. ती स्वतः दोन्हींत मोडत नव्हती. सरकारी दवाखान्यात एकदा सुईणींना दहा दिवस शिकवायला बोलावलं होतं. तिथं तिनं नखं मुळापासून कापायला, कोपरापर्यंत साबण लावायला, पातं उकळायला शिकून घेतलं आणि पुढं कधी चुकवलं नाही. पण काही वर्षांनी त्याच दवाखान्यानं सांगितलं, सुईणींना बोलावू नका, त्यांच्या हातांना घाण असते. तेव्हाच्या नर्सबाईनं भर चौकात तिला हात पुढं करायला लावून नखं तपासली होती. नखं स्वच्छ होती. तरी जी हसायची ती माणसं हसलीच. तेव्हापासून दवाखाना म्हटलं की ती जमिनीवर थुंकायची.

एका सकाळी यंत्राचा आवाज बदलला. खडखड थांबली आणि मऊ काहीतरी कापल्यासारखा आवाज आला. म्हातारी धावत आत गेली. सून यंत्राला टेकून उभी होती, चेहरा पिठासारखा पांढरा. ती ओरडली नाही.

"यंत्र बंद करा," एवढंच म्हणाली.

डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं होतं आणि तळवा मनगटापर्यंत फाटला होता. म्हातारीनं मनगट आवळून धरलं, डोक्याचा रुमाल ओढून त्याचा पीळ बांधला. घुम्या दारात येऊन उभा राहिला. नुसता उभा.

"बघतोस काय? गाडी बघ कुठं मिळते का."

गाडी दूध घेऊन गेलेली. घुम्या गेला आणि जो जवळ सापडला त्याला घेऊन आला. तो होता सुईवाला. गावात सुईण एक आणि सुईवाला एक. हा कुठल्याशा शहरात डॉक्टरच्या हाताखाली चार वर्षं बाटल्या पुसून आला होता आणि आता ढोरांना आणि माणसांना एकाच पेटीतून इंजेक्शनं द्यायचा. त्या सकाळी तो कुणाच्या तरी गाईच्या सुजलेल्या सडांवर औषध सोडून येत होता.

"हात धू आधी," म्हातारी म्हणाली. "आणि सुई उकळ."

"आजी, तो जमाना गेला तुमचा," तो हसत म्हणाला. "आता औषधच एवढं जालीम असतं की उकळायची गरज नाही."

त्यानं टाके घातले, भरलेला कचरासुद्धा न काढता. चाऱ्याची एक काडी आतच राहिली, ती पुढं मोठ्या दवाखान्यात निघाली. पाच दिवस तो रोज यायचा. रोज वेगळं इंजेक्शन, कारण कालचं संपलेलं असायचं. गोळ्या मुठीनं द्यायचा. ताप उतरला की म्हणायचा, आता नका घेऊ, पोटाला त्रास होतो. ताप चढला की म्हणायचा, आता ह्या दुसऱ्या घ्या. सहाव्या दिवशी हात कोपरापर्यंत भोपळ्यासारखा फुगला आणि पट्टीतून पिवळं पाणी गळायला लागलं. सुईवाल्यानं त्या दिवशी पेटी उघडलीच नाही. लांबूनच म्हणाला, "मी आधीच म्हणत होतो, शहरात न्या."

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेणाकडं बघून माणूस चालतो, त्यात उभा राहून त्याच्याशी बोलत नाही.

शहरातलं हॉस्पिटल मोठं होतं. बायकांच्या वॉर्डात वीस खाटांच्या जागेत तीस खाटा, दोन खाटांमध्ये आडवं चालावं एवढी वाट. त्यांनी सुनेला आत नेलं, टाके उसवले, कुजलेलं कापून काढलं, उघडी जखम धुऊन बांधली आणि कोपऱ्याजवळच्या खाटेवर आणून ठेवलं. तिथून पुढं घराचं वेळापत्रक ठरलं. पहाटे म्हातारी धारा काढायची आणि दुधाच्याच गाडीत कॅनांच्या मध्ये बसून शहरात यायची. दुपारी चारला तीच गाडी परत जायची, तिनं जाऊन संध्याकाळच्या धारा काढायच्या. मग घुम्या रात्रीला जायचा. गाईंना सुनेच्या हाताची सवय. म्हातारीनं सडाला हात लावला की पांढरी गाय दूध वर ओढून धरायची. रोज बादली वीतभर कमी भरायची, आणि म्हातारीच्या मते ह्यातही गाईचीच अक्कल कमी होती.

वॉर्डात बसून तिनं दोन दिवसांत सगळं पारखलं. हात धुवायला वॉर्डाच्या टोकाला एक बेसिन, त्याचा नळ थेंबथेंब गळणारा, साबणाच्या जागी साबणाचा डाग, आणि बेसिनमध्ये मोरी घासायचा झाडू उभा. सिस्टर दोन, खाटा तीस. झाडूवाली मावशी एकाच फडक्यानं खाट पुसायची, टेबल पुसायची आणि शेवटी कपाळ पुसायची. आणि रोज दहा वाजता मोठे डॉक्टर यायचे, मागे सात-आठ शिकाऊ पोरं कोंबडीच्या पिलांसारखी. मोठे डॉक्टर पहिल्या खाटेवर पोट चाचपायचे, दुसऱ्या खाटेवर पट्टी उचलून बघायचे, तिसऱ्या खाटेवर जिभेखाली डोकावायचे. शेवटच्या खाटेपर्यंत त्यांचे हात पाण्याला शिवायचे नाहीत.

"एवढी पुस्तकं वाचली," म्हातारी सुनेला म्हणायची, "पण पहिलंच पान फाटलेलं होतं वाटतं."

सून ओठातल्या ओठात हसायची. हसायला जोर लागायचा तिला.

तरी आठव्या-नवव्या दिवशी जखम सुधारली. म्हातारीला जखम वाचता यायची. कडा गुलाबी झाल्या, वास गेला, तळ लालसर ओला दिसायला लागला. सून उठून बसायला लागली. गाईंची चौकशी करायला लागली.

"पांढरी हात लावू देते का हो?"

"देते की. न देऊन जाते कुठं?"

शेजारच्या खाटेवर एक मास्तरीणबाई होती, शाळेत मुलांना शिकवून निवृत्त झालेली. पाय मोडून आली होती, लघवीला नळी लावलेली, नळीची पिशवी खाटेच्या दांडीला टांगलेली. ती सगळ्यांशी शुद्ध भाषेत बोलायची, दुखतानासुद्धा. तिचे दोन मुलगे रविवारी यायचे. थोरला फळं आणायचा, धाकटा नाकाला रुमाल लावून घड्याळ बघायचा. पिशवी तुडुंब भरली की मास्तरीण हळूच मावशीला हाक मारायची, मावशी "आत्ता येते" म्हणायची, आणि तिचं आत्ता तासाभरानं यायचं. पिशवी तटतटून नळीत पाणी उलटं चढायचं. बाई लाजेनं भिंतीकडं तोंड करायची.

म्हातारीला ते बघवेना. दया हे तिचं कारण नव्हतं. त्या दोन मुलांचा तिला एवढा तिटकारा आला की त्यांना लाज वाटावी म्हणून तिनं स्वतःच पिशवी काढली, न्हाणीघरात नेऊन ओतली आणि परत लावली. मुलांनी ते बघितलंही नाही, पण मग ते रोजचं झालं.

"तुम्ही कशाला हो," मास्तरीण म्हणाली.

"उभा जन्म बायकांचं रक्त-पाणी उचललं. हे तर नुसतं पाणी."

बेसिनपाशी झाडू असायचा, साबण नसायचा. तिथं हात धुणं म्हणजे हाताला झाडूची घाण लावून घेणं. म्हातारी गळत्या नळाखाली बोटं ओली करायची, पदराला पुसायची आणि येऊन सुनेशेजारी बसायची. सुनेची पट्टी झोपेत सरकलेली असायची. सिस्टरचं बांधणं तिला कधी पसंत पडलं नाही. "ही गाठ बघ, पेंढीलासुद्धा कुणी अशी बांधत नाही," असं म्हणून ती पट्टी सोडायची, कापूस आत नीट दाबायची आणि आपल्या पद्धतीनं घट्ट बांधायची.

बाराव्या दिवशी सुनेला थंडी वाजून ताप भरला. तेराव्या दिवशी म्हातारीनं पट्टी सैल केली आणि वासानंच तिचं डोकं फिरलं. गुलाबी कडा राखाडी पडल्या होत्या. जखमेतून घट्ट, चिकट पू धाग्यासारखा ओढत येत होता. असला पू तिनं पस्तीस वर्षांत बघितला नव्हता.

दहा वाजता मोठे डॉक्टर आले. पलीकडच्या खाटेवर त्यांनी कुणाचं तरी पोट दाबलं, मास्तरीणबाईची नळी हातात घेऊन वरखाली केली आणि तसेच सुनेच्या पट्टीकडं वळले.

"डॉक्टर," म्हातारी उठून उभी राहिली, "आधी हात धुवा."

सिस्टरनं डोळे मोठे केले.

"काय म्हणालात?"

"त्या बाईचं पोट चाचपलंत, हिची नळी धरलीत, आता माझ्या सुनेच्या जखमेत बोटं घालताय. रोज बघते मी. तेरा दिवसांत तुमचा हात पाण्याला लागलेला दिसला नाही."

मोठे डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते सिस्टरकडं वळून म्हणाले, "ह्या कोण?"

"पेशंटच्या सासू. गावाकडं सुईण होत्या म्हणतात."

"अस्सं. म्हणजे इतकी वर्षं आमच्या वॉर्डाला पेशंट पुरवायचं काम तुम्ही केलंत." मागची पोरं हसली. मोठ्या डॉक्टरांच्या मागं उभं राहणाऱ्यांनी जसं हसायचं असतं तसं हसली. "दाखवा बघू तुमचे हात."

आणि म्हातारीनं ते दाखवले. का दाखवले ते तिलाच कळलं नाही. कुणी हुकमी आवाजात म्हटलं की हात आपोआप पुढं होतात, ती जुनी खोड. पहाटेच्या धारा काढून ती तशीच गाडीत बसली होती. नखांत शेण होतं, चाऱ्याचा काळा भुगा होता. बाळंतपणं सुटली तशी नखं मुळापासून कापायचीही सुटली होती, हे तिच्या त्याच क्षणी ध्यानात आलं. हात दाखवून अवलक्षण, ते हेच.

डॉक्टरांनी ते हात सगळ्या पोरांना बघू दिले. मग शांतपणे म्हणाले, "ह्या जखमेचा पू तपासायला पाठवा," आणि तशाच हातांनी पट्टी उचलली.

दुसऱ्या दिवशी मात्र प्रत्येक खाटेला हात चोळायच्या औषधाची एकेक बाटली टांगलेली होती. वॉर्डातल्या बायका म्हातारीकडं बघून माना हलवत होत्या. चौथ्या दिवशी बाटल्या संपल्या आणि पाचव्या दिवशी मावशीनं त्यांत नळाचं पाणी भरून ठेवलं, रिकाम्या दिसू नयेत म्हणून.

तपासणीचा कागद आला तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरीण पाठवली. विशीतली पोरगी, डोळ्यांखाली काळं, ज्या दिवशी सगळे हसले त्या दिवशी ती एकटी हसली नव्हती. तिनं म्हातारीला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"आजी, पू वाढवून बघितला. त्यात जे जंतू आलेत त्यांच्यावर आम्ही औषधं लावून बघतो, कुठल्या औषधानं मरतात ते. चौदा लावली. बाराला दाद देत नाहीत."

"आणि दोनाला?"

"एकाला थोडी थोडी. एकाला देतात. पण ते औषध मूत्रपिंडावर येतं. रोज रक्त तपासत, जपून द्यावं लागेल."

"एवढे निर्ढावले कसे ते?"

"औषध अर्धवट दिलं, नको तिथं दिलं, रोज बदलून दिलं, की जे मरत नाहीत तेवढे मागं राहतात. तेच वाढतात. असल्या ठिकाणी तर त्यांची सगळी जमातच नांदते."

"म्हणजे त्या सुईवाल्यानं केलं."

"त्यानंही केलं असेल. पण हे जंतू बहुतेक इथलेच." पोरगी आवाज उतरवून म्हणाली, "शेजारच्या बाईंच्या लघवीत अगदी हेच निघालेत. तिच्या पिशवीतून कुणाच्या तरी हातानं हिच्या जखमेत आले असणार. शेजारच्या बाईंना कोण कोण हात लावत होतं, आठवतं तुम्हाला?"

"मोठे डॉक्टर," म्हातारी ताबडतोब म्हणाली. "सिस्टर. ती फडकेवाली मावशी."

"आणखी कुणी?"

"आणखी कुणी नाही."

पोरीनं लिहून घेतलं. "कुणाचे हात ते आता कधीच कळणार नाही," ती म्हणाली. "कुणाचेही असू शकतात."

त्या दिवशी सुनेला वेगळ्या खोलीत हलवलं. मोडक्या खाटा ठेवायची ती खोली, वऱ्हांड्याच्या टोकाला. दारावर कागद चिकटवला. आत जायचं तर अंगावर हिरवा झगा चढवायचा, त्याच्या नाड्या तुटलेल्या, म्हणून तो मागून हातानं धरून ठेवायचा. मावशी जेवणाचं ताट दाराशी ठेवून पायानं आत सरकवायची. वॉर्डातल्या ज्या बायकांनी चार दिवसांपूर्वी माना हलवल्या होत्या त्या आता म्हातारी आली की वऱ्हांड्यात भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. एकीनं आपली पाण्याची बाटली उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. म्हातारीनं तिच्याकडं बघून तोंड वाकडं केलं आणि पुढं गेली. इथं मात्र भिंतीपाशी नवा नळ होता, साबण होता, आणि ती आत जाताना-येताना कोपरापर्यंत हात घासायची. कुणी सांगितलं नव्हतं. चामडी सोलवटेपर्यंत घासायची.

तापात सून बडबडायची. पेंढी अडकली, पेंढी अडकली, एवढंच. शुद्धीवर आली की विचारायची, "पांढरी आटली का?"

"नाही आटली. गप पड."

सुनेला खोलीत हलवल्याच्या चौथ्या दिवशी मास्तरीणबाई गेली. पायानं नाही, त्या पिशवीतल्या जंतूंनी, ते रक्तात उतरले. दोन्ही मुलगे आले. थोरला वॉर्डाच्या दारात मोठमोठ्यानं रडत होता, धाकटा आईच्या पायांना मिठी मारून बसला होता.

"बघ," म्हातारी घुम्याला म्हणाली, "जिवंतपणी पिशवीला हात लावला नाही, आता मिठ्या मारतात. ती पिशवी मी—"

आणि ती तिथंच थांबली. घुम्यानं आईचं वाक्य अर्धवट राहिलेलं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्यानं तिच्याकडं बघितलं, पण विचारलं नाही. न विचारणं हाच त्याचा स्वभाव, आणि त्या दिवशी म्हातारीला तो पहिल्यांदा उपयोगी पडला.

औषध लागू पडलं, पण हाताला नाही. ताप खाली आला, जीव वाचेल असं पोरगी म्हणाली, मात्र हात काळा पडत वर चढत होता. तो मनगटाच्या वर चार बोटं कापायचा ठरला. घुम्यापुढं सहीचा कागद ठेवला. त्यानं पेन धरलं, खाली ठेवलं, आणि म्हणाला, "तिला दूध काढता येईल का?"

म्हातारीच्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोचा हात जातोय आणि ह्या दगडाला धारांची काळजी. ती त्याच्यावर तुटून पडणार, तेवढ्यात आतून सुनेचा बारीक आवाज आला, "मी तेच विचारणार होते."

डॉक्टरीण म्हणाली, एका हातानं जेवढं येतं तेवढं येईल. घुम्यानं सही केली. आत गेला आणि बायकोच्या उजव्या हातापाशी बसून राहिला, झगा मागून न धरता. म्हातारीनं दारातून बघितलं आणि तिला वाटलं, ही दोघं आपल्या पाठीमागं रोज अशीच बसत असतील. आपल्याला कधी दिसलं नाही.

महिन्याभरानं सून घरी आली. मागल्या पावसावर थोडं हिरवं आलं होतं, यंत्राची गरज उरली नव्हती. ती आल्या आल्या गोठ्यात गेली. पांढऱ्या गाईनं तिचं थोटूक हुंगलं आणि मान फिरवली. पहिल्या दिवशी तिनं बादली उलटवली, दुसऱ्या दिवशी सून शेणात पडली. तिसऱ्या दिवशी घुम्या गाईच्या मानेपाशी उभा राहिला आणि बादली भरली. अर्धीच, पण भरली.

गावानं हॉस्पिटलची गोष्ट म्हातारीकडून ऐकली. ती सगळ्यांना आवडली. मोठ्या डॉक्टराला सात-आठ जणांदेखत हात धुवायला सांगितलं, हे ऐकून बायका पोट धरून हसायच्या. नखं दाखवल्याचा भाग म्हातारी सांगत नसे. सुईवाल्याची तर तिनं अशी खबर घेतली की त्याला महिनाभर गल्लीतून फिरणं कठीण झालं. मग कुणाला तरी ताप आला आणि लोक पुन्हा त्याच्याचकडं गेले. त्या लोकांना ती किड्यामुंग्यांपेक्षा कमी लेखायची. मुंगी निदान एकदा भाजलं की वाट बदलते.

एका संध्याकाळी शेजारीण दूध न्यायला आली. गोठ्याच्या दारात टेकून म्हणाली, "ती डॉक्टरची गोष्ट सांगा ना आत्याबाई, माझ्या बहिणीनं ऐकली नाही." सोबत बहीण होती. म्हातारीनं सांगितली. मोठ्या डॉक्टरांचा आवाज काढला, त्यांच्यासारखी दोन बोटं हवेत नाचवून दाखवली, "त्याच्याच हातानं आमच्या पोरीचा हात गेला," असं म्हणून संपवली. शेजारीण आणि तिची बहीण चुकचुकल्या, हसल्या, दूध घेऊन गेल्या.

सून पांढऱ्या गाईखाली बसली होती, गुडघ्यांत बादली धरून. एका सडावरून दुसऱ्यावर हात नेताना तिला दर वेळी थोडं वाकावं लागायचं. घुम्या पाणी आणायला गेला होता. गोठ्यात दोघीच होत्या. म्हातारी गाईच्या मानेला हात लावून उभी राहिली.

"त्या मास्तरणीची पिशवी मी रिकामी करायचे," ती शेवटी म्हणाली.

धार थांबली नाही. "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"मी जागी असायचे, आत्याबाई. डोळे मिटलेले असायचे नुसते. तुम्ही पिशवी ओतून यायच्या, पदराला हात पुसायच्या आणि माझी पट्टी सोडायच्या. रोज."

म्हातारीचा हात गाईच्या मानेवरच राहिला. "तुला कळत होतं?"

"तुम्हीच शिकवलं होतं ना. लग्न होऊन आले तेव्हा. कोपरापर्यंत साबण, म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

सुनेनं ह्या प्रश्नाचा विचार केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उत्तर अगदी सोपं असल्यासारखं ती म्हणाली, "तुम्हाला कोण बोलणार?"

म्हातारीकडं सगळ्या जगाला द्यायला उत्तर असायचं. गाईनं शेपटी मारली, ती तिच्या गालावर बसली, तरी ती हलली नाही.

सुनेनं शेवटची धार काढली, बादलीतला फेस बघितला, आणि थोटूक गुडघ्याला टेकून उठली.

"एवढी उचला," ती म्हणाली. "मला दोन हात लागतात ह्याला."

घरात आल्यापासून सुनेनं सासूला सांगितलेलं ते पहिलं काम. म्हातारीनं वाकून बादली उचलली.